विमान नकाशावरून ‘गायब’ होतं म्हणजे नेमकं काय होतं? गोंदियाच्या छतावरून आकाशातले डिजिटल सिग्नल कसे पकडायचे

गोंदिया शहरात किंवा कामठा-बिरसीच्या बाजूला राहणाऱ्यांना आकाशात घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानांचं काही अप्रूप राहिलेलं नाही. शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर बिरसीचं विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या या धावपट्टीवर आज राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी विमान चालवायला शिकतात. १ डिसेंबर २०२३ पासून इथे इंडिगोची हैदराबादची सेवाही सुरू झाली. म्हणजे जिल्हा धानाचा, पण आकाश कायम गजबजलेलं.

आणि मग कधीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडतो. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपचा नकाशा, त्यावर एक रेघ, आणि ती रेघ जंगलाच्या वर मधेच तुटलेली. खाली मेसेज, “विमान गायब! कुणाला माहिती आहे का?”

ही भीती उगाच आलेली नाही. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात कोसळलं होतं. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांचाही मृत्यू झाला. त्यामुळे रेघ तुटली की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हे साहजिक आहे.

पण ती रेघ मुळात येते कुठून? तर ती येते कुणाच्यातरी छतावरच्या छोट्या अँटेनातून. अगदी तुमच्याही छतावर ती लागू शकते.

विमान स्वतःच ओरडून सांगतं

जुन्या पद्धतीत जमिनीवरचं रडार विमानाला विचारायचं, “कोण आहेस? किती उंचीवर आहेस?” विमानातला ट्रान्सपाँडर त्याला उत्तर द्यायचा. आता बहुतेक मोठी प्रवासी विमानं कुणी विचारायची वाटच पाहत नाहीत. आपण कोण, कुठे, किती उंचीवर आणि किती वेगात आहोत, हे ती सतत आजूबाजूला सांगत जातात. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. यातला ‘बी’ ब्रॉडकास्टचा, म्हणजे जो ऐकेल त्याच्यासाठी. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखंच. गोंदिया जंक्शनच्या फलाटावर उभं राहून हावडा मेलची घोषणा ऐकायला तिकीट लागतं कदाचित, पण कुलूप तोडावं लागत नाही.

ही घोषणा १०९० मेगाहर्ट्झवर होते. तिला ना पासवर्ड असतो, ना कुठलं गुपित कोडिंग. एक संदेश ११२ बिटांचा असतो आणि सगळा मिळून १२० मायक्रोसेकंदात संपतो. म्हणजे सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाहूनही कमी वेळात. विमान आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा सांगतं, वेगही तेवढ्याच वेळा, आणि उड्डाणाचं नाव पाचेक सेकंदांनी एकदा.

हे ऐकायला काय लागतं? एक यूएसबी डाँगल, एक अँटेना आणि जुना लॅपटॉप.

डाँगलची गोष्ट मजेशीर आहे. तो मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठी बनवलेला. २०१२ च्या सुमारास काही हौशी प्रोग्रामरच्या लक्षात आलं, की त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप टीव्हीचा सिग्नल उलगडण्याऐवजी हवेतून आलेल्या लहरींचे कच्चे आकडेच थेट कॉम्प्युटरकडे पाठवू शकते. बस्स. जे काम आधी महागड्या रेडिओ यंत्राचं होतं, ते सॉफ्टवेअरकडे आलं. म्हणून याला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, थोडक्यात एसडीआर म्हणतात. आज असा डाँगल काही हजार रुपयांत मिळतो.

अँटेना तर त्याहून सोपा. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटीमीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे सुमारे ६.९ सेंटीमीटरची उभी तार. एवढीच. खाली जमिनीचं काम करायला एखादी धातूची चकती किंवा तिरक्या चार तारा लावल्या की झालं. डिश टीव्हीची उरलेली केबलही चालते, फक्त ती लांबच लांब नको. या फ्रिक्वेन्सीला केबल सिग्नल खाते. पंधरा मीटर केबल टाकून डाँगल खाली हॉलमध्ये ठेवण्यापेक्षा डाँगल वर, अँटेनाजवळ ठेवलेला बरा. अर्थात विदर्भातल्या मे महिन्यात टिनाच्या पत्र्याखाली नव्हे! डाँगल तसाही तापतो.

आकडे उलगडताना

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात प्रसिद्ध नाव ‘डंप१०९०’चं. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने ते लिहिलं आणि फुकट वाटलं. ते डाँगलकडून सेकंदाला वीस लाख नमुने घेतं आणि त्यात ठोके शोधतं. प्रत्येक बिटाला एक मायक्रोसेकंद मिळतो. ठोका त्याच्या पहिल्या अर्ध्यात आला तर १, दुसऱ्या अर्ध्यात आला तर ०. हे इतकं साधं आहे, की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने स्वतः लिहून पाहावं असं आहे.

स्क्रीनवर २८ अक्षरांची एक ओळ येते. ती बहुतेक वेळा ‘८डी’ने सुरू होते. ही खूण सांगते की हा एडीएस-बीचा संदेश आहे. पुढची सहा अक्षरं म्हणजे विमानाचा जागतिक ओळख क्रमांक. प्रत्येक देशाला या क्रमांकांचा एक गठ्ठा दिलेला आहे. भारतात नोंदवलेल्या विमानांचे क्रमांक ८० ते ८३ या आकड्यांनी सुरू होतात. म्हणजे नकाशा उघडण्याआधीच ओळीकडे बघून कळतं, की वरून जाणारं विमान आपल्याकडचं की परदेशातलं. शेवटची सहा अक्षरं तपासणीची. हिशोब जुळला नाही तर संदेश वाटेत बिघडला आहे, तो फेकून द्यायचा.

सगळ्यात गंमत आहे ती जागा ओळखण्यात. अक्षांश-रेखांश पूर्ण लिहायला ११२ बिटांत जागाच पुरत नाही. मग विमान एक युक्ती करतं. पृथ्वीवर चौकटींचं जाळं टाकलंय असं समजा. विमान फक्त “मी चौकटीत इथे आहे” एवढंच सांगतं, चौकट कुठली ते सांगत नाही. म्हणजे घर नंबर कळला, पण वॉर्ड नाही कळला. पुढच्या संदेशात ते थोड्या वेगळ्या मापाच्या दुसऱ्या जाळ्यातला आपला घर नंबर सांगतं. दोन्ही नंबर एकाच वेळी जुळतील अशी जागा एकच निघते. म्हणून नवं विमान रेंजमध्ये आलं, की आधी त्याची उंची दिसते, नाव दिसतं, पण नकाशावर ते क्षणभर उशिरा उगवतं. सारस बघायला पहाटे शेतात जाणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. आधी आवाज येतो, पक्षी नंतर दिसतो.

मग रेघ का तुटते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगराला वळसा घालत नाहीत आणि पृथ्वीच्या गोलाईमागेही फारशा जात नाहीत. ३५ हजार फुटांवरचं विमान सपाट मोकळ्या जमिनीवरून सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं. गोंदियाहून सरळ रेषेत नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आत, रायपूर सुमारे दीडशे आणि जबलपूर एकशे नव्वदच्या आसपास. त्यामुळे चांगल्या छतावरून या तिन्ही शहरांवरची उंच विमानं ऐकू येणं अवघड नाही.

पण प्रशिक्षणाचं विमान ३५ हजार फुटांवर जात नाही. दोन हजार फुटांवर असेल तर हीच मर्यादा शंभर किलोमीटरवर येते. तीसुद्धा कागदावर. प्रत्यक्षात मधे बालाघाटच्या बाजूचे किंवा दरेकसाचे डोंगर आले, की त्यामागचं विमान ऐकू येत नाही. आणि धावपट्टीभोवती हजार फुटांवर फेऱ्या मारणारं विमान? बारा किलोमीटरवरच्या गोंदिया शहरातून बघितलं तर ते क्षितिजाच्या जेमतेम दीड अंश वर असतं. शेजाऱ्यांची पाण्याची टाकीसुद्धा त्याला झाकायला पुरते. विमान खाली उतरायला लागलं, की ते झाडांच्या मागे जातं आणि रेघ हवेतच संपते. उतरलेलं विमान म्हणजे पडलेलं विमान नाही.

दुसरं कारण ट्रान्सपाँडरचं. प्रत्येक छोट्या विमानाचा ट्रान्सपाँडर आपली जागा सांगतोच असं नाही. काही फक्त ओळख आणि उंची सांगतात. अशा विमानाची ओळ डाँगलवर येते, पण नकाशावर ठिपका उमटत नाही. त्याची जागा काढायची तर वेगवेगळ्या ठिकाणचे साधारण चार रिसिव्हर लागतात. एकच संदेश प्रत्येकाकडे किती मायक्रोसेकंद पुढे-मागे पोचला, यावरून हिशोब होतो. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे घड्याळं काटेकोर जुळलेली लागतात. गोंदिया, तिरोडा, आमगाव, भंडारा, बालाघाट अशा गावांत एकेक रिसिव्हर असेल तर हे जमतं. फक्त गोंदियात असेल तर नाही.

तिसरं कारण ॲपचं. मोठ्या ॲपचे नकाशे हजारो हौशी लोकांच्या छतांवरून आलेल्या माहितीवर चालतात. फ्लाइटरडार२४ ची सुरुवातच २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी लोकांपासून झाली. जिथे रिसिव्हर कमी आहेत तिथे ही कंपनी अर्ज करणाऱ्याला फुकट यंत्रही देते. जिथे कुणीच ऐकणारं नाही, तिथे ॲप विमानाला काही काळ अंदाजाने पुढे सरकवत नेतं आणि मग सोडून देतं. म्हणजे नकाशावर सरकणारं विमान त्या क्षणी खरंच कुणाला ऐकू येत असेलच असंही नाही. स्क्रीनशॉट फॉरवर्ड करणाऱ्यांना हे माहीत नसतं, हीच मोठी अडचण आहे.

आणि दिसलेली जागा तरी खरी का? विमान आपली जागा स्वतःच्या जीपीएसवरून सांगतं. जीपीएसच फसलं तर विमान पूर्ण प्रामाणिकपणे चुकीची जागा सांगतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाल्याचं सरकारने संसदेत मान्य केलं होतं.

ऐकायला मनाई आहे का?

इथे नीट समजून घ्या, कारण तोच डाँगल २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत सगळंच ऐकू शकतो. त्यात पोलिसांचे वायरलेसही आले. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ नुसार परवानगीशिवाय कुणाचा संदेश मधेच पकडला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एडीएस-बी ही सगळ्यांसाठी केलेली घोषणा आहे. पोलिसांचं, सुरक्षा दलांचं किंवा टॉवर आणि वैमानिकाचं बोलणं मात्र त्या दोघांमधलं आहे. सालेकसा-देवरीच्या भागाने नक्षलवादाची वर्षं पाहिली आहेत. अशा जिल्ह्यात छतावर अँटेना लावून पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर ‘फक्त बघूया’ म्हणून जाणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. शेजाऱ्यांना आणि घरमालकाला अँटेना कशाचा आहे ते आधीच दाखवून ठेवलेलं चांगलं.

ज्यांना पुढे जाऊन बोलायचंही आहे, त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा परवाना आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते आणि वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की ती देता येते.

विमानांचा कंटाळा आला तर?

तोच डाँगल १३७ मेगाहर्ट्झवर आणायचा. अमेरिकेच्या जुन्या नोआ हवामान उपग्रहांवर अनेकांनी या छंदाचे धडे गिरवले, पण त्यातला शेवटचा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला. आता रशियाचे मेटिओर-एम मालिकेतले दोन उपग्रह पूर्ण डिजिटल चित्रं पाठवतात. प्रत्येकी साधारण ५३ सेंटीमीटरच्या दोन सळ्या इंग्रजी व्हीच्या आकारात आडव्या लावल्या की अँटेना तयार. ‘सॅटडंप’ हे सॉफ्टवेअर बाकीचं सांभाळतं. पावसाळ्यात वीज कडकडायला लागली, की केबल काढून ठेवायची, हे मात्र विसरायचं नाही.

उपग्रह डोक्यावरून जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात स्क्रीनवर ओळीमागून ओळ उतरत जाते. आधी उत्तरेकडचा भाग, मग बंगालच्या उपसागरावरून विदर्भाकडे सरकणारे ढग, किंवा उपग्रह उलट दिशेने आला तर आधी समुद्र आणि नंतर गोंदिया.