आजोबांचं बी.पी. किती?

एक प्रश्न विचारते. मागच्या सेमिस्टरला किती पॉइंटर पडला, हे तुम्ही झोपेतही सांगाल. मोबाईलचं चार्जिंग किती टक्के उरलंय, तेही. पण तुमच्या आजी-आजोबांचं बी.पी. किती आहे? नाही ना सांगता येत? मलाही येत नव्हतं.

आमचे आजोबा जिवतीला राहतात. माणिकगडच्या डोंगरावरचा हा तालुका, पलीकडे उतरलं की तेलंगणा. १९७२ च्या दुष्काळात ते मराठवाड्यातून आई-वडिलांबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. सत्तरी ओलांडली तरी रोज शेतात जायचे. एकदा आरोग्य केंद्रात बी.पी. जास्त निघालं, गोळी सुरू झाली. महिनाभर घेतली आणि सोडून दिली. "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं म्हणणं. आम्हालाही ते पटलं.

गेल्या वर्षी दिवाळीत रात्री जेवताना त्यांच्या हातातून भाकरीचा तुकडा गळून पडला. तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं बोबडं. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी म्हणालं थकवा आहे, सकाळपर्यंत उतरेल. रात्रभर तेल लावून हात चोळला. मीही चोळला! सकाळी गाडी करून गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरला पोचलो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "त्रास किती वाजता सुरू झाला?" उत्तर ऐकून ते गप्प झाले. मग विचारलं, "यांचं बी.पी. किती असतं?" तेव्हा आम्ही गप्प झालो. त्याच सेमिस्टरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला चांगले मार्क पडले होते!

हे फक्त आमच्या घरचं नाही

लकवा, म्हणजे स्ट्रोक, हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार असं आपण समजतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्का देणारा होता. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण मलेरिया नव्हे, साप नव्हे, तर स्ट्रोक! शंभरातले चौदा, म्हणजे जवळजवळ सातातला एक मृत्यू स्ट्रोकने झालेला. आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले.

आपण मात्र "वय झालं होतं" एवढं बोलून मोकळे होतो. स्ट्रोकच्या कारणांत सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बी.पी. आहे, आणि ते मोजता येतं, आटोक्यातही ठेवता येतं. आपल्या भागातला खर्रा आणि ताटातलं जास्तीचं मीठ त्यात भर घालतात.

आपल्या भाषेत प्रेशर

बी.पी. १४० म्हणजे पाऱ्याचा १४० मिलिमीटर उंचीचा स्तंभ. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे हेच प्रेशर पाण्याचा सुमारे १.९ मीटर उंच स्तंभ पेलेल, जवळजवळ हॉस्टेलच्या दाराएवढा! मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांवर हा मार दिवसाला लाखभर वेळा बसतो. वर्षानुवर्षं तो जास्त राहिला की वाहिनीची भिंत जाड आणि कडक होते. मग एक दिवस ती गुठळीने बंद होते किंवा फुटते.

दुखत मात्र काहीच नाही. खरी गोम इथेच आहे. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात "आज बॉयलरला बरं वाटतंय" म्हणून कोणी प्रेशर गेज बघणं सोडतं का? मग "बरं वाटतंय" म्हणून आजोबांची गोळी बंद का? मापात आलेलं बी.पी. हे गोळीचंच काम असतं. गोळी थांबली की ते पुन्हा चढतं.

मोजायचं कसं?

डिजिटल मशीनचा पट्टा दंडावर फुगतो आणि हळूहळू सैल होतो. नाडीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या हवेत जी कंपनं होतात, त्यांवरून मशीन वरचा आणि खालचा आकडा काढतं. पण पद्धत चुकली की आकडाही चुकतो:

१. आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर.
२. अर्धा तास आधी चहा नको, खर्रा नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या.
३. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर. दंड १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा ७-८ ने वाढतो. (गणित करून बघा!)
४. मोजताना गप्पा नकोत. एक-दोन मिनिटांनी परत मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

घरी वारंवार १३५/८५ किंवा त्याहून जास्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. गोळीमुळे उभं राहताना चक्कर येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण म्हातारपणी पडणं वाईट. पण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

आणि लकवा आलाच तर

तीन गोष्टी बघा. हसायला सांगा, चेहरा वाकडा होतो का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? एक वाक्य बोलायला सांगा, अडखळतात का? यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सी.टी. स्कॅन झाल्यावर, कारण गुठळी की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही. म्हणून घरी कसलीही गोळी देऊ नका. गिळता येत नसेल तर ठसका लागेल, म्हणून पाणीही नको. जिवतीहून चंद्रपूरला जायचं तर घाट उतरा, राजुऱ्याच्या पुढे वर्धा नदी ओलांडा. पावसाळ्यात तिला पूर आला की तो रस्ताच बंद होतो. आमची तर अख्खी रात्र तेल लावण्यात गेली!

आजोबा वाचले. उजवा हात अजून पूर्ण वर होत नाही. पण आता गोळी चुकत नाही. आशाताई येऊन बी.पी. मोजतात आणि दर रविवारी मी मेसमधून फोन करते. "एकशे बत्तीस!" आजोबा पेपरचे मार्क सांगावेत तसे सांगतात, मग पाऊस, कापूस, शेजाऱ्यांची म्हैस असं अर्धा तास चालतं. त्या गप्पांचाही उपयोग होतो असं आजी म्हणते.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं एकच करा, आजी-आजोबांचं बी.पी. मोजा किंवा मोजून आणा. आणि तो आकडा आपल्या पॉइंटरसारखा पाठ ठेवा.