शेळीचे पोट का फुगते?

शेळी काहीही खाते, असे आपण नेहमी म्हणतो. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, भाजीची देठे तर ती खातेच. पण दोरीवर वाळत घातलेले धोतरही चघळून पाहते. मात्र 'खाणे' आणि 'पचणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाची पंगत उठल्यावर उरलेला भात कुणीतरी मायेने शेळीपुढे ओततो. कधी खळ्यावर दावे सुटते आणि ती पोटभर ज्वारी खाऊन घेते. दुसऱ्या दिवशी तिचे रवंथ बंद होते, ती दात खाते, मान टाकून बसते. वेळीच उपचार झाले नाहीत तर मरतेसुद्धा. जे धान्य आपले रोजचे अन्न, ते शेळीच्या जिवावर का उठावे?

आंबवण्याचा रांजण

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. यांत सर्वांत मोठे कोठीपोट. ते शरीराच्या डाव्या बाजूला असते. गवतातील सेल्युलोज पचवणारे विकर शेळीच्या शरीरात तयार होत नाही. हे काम कोठीपोटातील सूक्ष्मजीव करतात. तेथील एक घन सेंटिमीटर द्रवात सुमारे १० अब्ज जीवाणू असतात! ते चारा आंबवतात, त्यातून सौम्य आम्ले तयार होतात आणि त्यांपासून शेळीला ऊर्जा मिळते. पुढे हे जीवाणू स्वतःच वाहत चौथ्या पोटात जातात व पचतात. त्यातून तिला प्रथिने मिळतात. म्हणजे आपण चारा घालतो तो आधी जीवाणूंना, मग शेळीला!

आंबण्याच्या क्रियेत तयार होणारी आम्ले फार साठू नयेत यासाठीही निसर्गाने सोय केली आहे. रवंथ करताना शेळीची भरपूर लाळ पोटात जाते. या लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्यातलेच द्रव्य, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट असते. चारा जितका जाडाभरडा, तितके चर्वण जास्त आणि तितकी लाळ जास्त.

आता भात किंवा ज्वारीचे काय होते ते पाहा. त्यांतील स्टार्च झपाट्याने आंबते. स्टार्चवर जगणारे जीवाणू भराभर वाढतात आणि तीव्र असे लॅक्टिक आम्ल तयार होते. चर्वण थोडे, म्हणून लाळही थोडी. आम्लता वाढली की गवत पचवणारे जीवाणू मरू लागतात. रक्तातील पाणी कोठीपोटात ओढले जाते आणि शेळीच्या अंगातले पाणी कमी पडते.

दुसरा धोका ओल्या, कोवळ्या लसूणघासाचा. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड व मिथेन शेळी एरवी ढेकरांवाटे बाहेर टाकते. पण असा चारा उपाशीपोटी भरमसाट खाल्ला तर पोटात फेस होतो, वायू त्यात अडकतो आणि ढेकर येत नाही. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते, फुप्फुसांवर दाब येतो व शेळी गुदमरते.

हवाईतील शेळ्यांची गोष्ट

हे जीवाणू किती महत्त्वाचे, ते सुबाभळीने दाखवून दिले. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात हा पाला फार खाणाऱ्या जनावरांना त्रास होई. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट राहत. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी याचे कारण कोठीपोटात शोधले. हवाईतील शेळ्यांच्या पोटातील जीवाणू त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडले आणि त्यांनाही सुबाभूळ बाधेनाशी झाली. या यशाची माहिती १९८६ साली प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये त्या जीवाणूला जोन्स यांच्यावरून 'सिनर्जिस्टीस जोन्साय' असे नाव देण्यात आले. शेळी तीच; पोटातील जीवाणू बदलले, तेव्हा पचनही बदलले.

तुम्ही काय कराल?

जीवाणूंना नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून नवा चारा थोडाथोडा वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण द्या. हिरवा घास देण्याआधी कडबा किंवा वाळलेले गवत खाऊ घाला. लसूणघास कापून थोडा सुकू द्या. धान्य मूठभरच द्या आणि धान्याचे पोते शेळीच्या तोंडापासून दूर ठेवा. बुरशी आलेला चारा, शिळा भात देऊ नका. स्वच्छ पाणी सदैव असू द्या. शेळीचे पोट फुगले तर ताबडतोब पशुवैद्याला बोलवा. बाटलीने जबरदस्तीने काही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

शेवटी एक सोपा प्रयोग. निरोगी शेळी शांत उभी असताना तिच्या डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीमागे, मूठ हलकेच टेकवा आणि घड्याळ पाहा. मिनिटाला साधारण एक-दोन वेळा आतून लाट येऊन तुमची मूठ उचलली जाईल. हे कोठीपोट चारा घुसळत असते. आठवडाभर रोज नोंद ठेवा. निरोगी पोटाची ही लय एकदा हाताला ओळखीची झाली, की ती मंदावल्याचे तुम्हाला सर्वांच्या आधी कळेल आणि तुमच्या शेळीचा जीव वाचेल.