पहाऱ्याची मुदत

नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, सुरुडी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरी या गावांच्या शिवारांत, बिबट्याच्या हल्ल्यांत अवघ्या काही दिवसांच्या अंतराने तिघांचे प्राण गेले, आणि एरवी रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यायला निघणारी माणसे दिवस मावळण्यापूर्वीच दाराला कडी घालून बसू लागली. वन खात्याने पिंजरे मांडले, पथके आणली आणि बिबट्याच्या वाटांवर कॅमेरे लावले. पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातही तसेच बळी गेले, आणि १८ डिसेंबर रोजी तेथे बिबट्याला गोळी घालण्यात आली तेव्हा कोठे त्या भयपर्वाचा शेवट झाला. झाडाच्या बुंध्याला बांधलेला, तारेवाचून रात्रभर जागणारा तो कॅमेरा आमच्या ओळखीचा झाला तो त्या हिवाळ्यात. आणि त्याचा सारा जागता पहारा आतल्या चार-आठ सेलांच्या दमावर अवलंबून असतो, ही गोष्टही तेव्हाच माझ्या मनात कायमची ठसली. आज तसलेच, परंतु पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीचे कॅमेरे घरांच्या ओसऱ्यांवर आले आहेत. म्हणूनच या बॅटरीच्या टिकाऊपणाचा, आणि तो आपण कसकसा पारखत आलो याचा, मागोवा घ्यावासा वाटतो.

घराची राखण हा आमच्या जिल्ह्यात केवळ धनिकांच्या चिंतेचा विषय नाही. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी आपला संसार ट्रॅक्टरमध्ये अथवा बैलगाडीत घालून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट धरतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणतः पाडव्याच्या सुमारापर्यंत, धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा, आष्टी या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वाड्यावस्त्यांवर कुलपे, म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली लेकरे एवढेच मागे उरते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी अंमल संपला त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी पोलीस पाटलावर व जागल्यावर असे. जागल्याच्या पहाऱ्याची मुदत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची होती. आजच्या कुलूपबंद घराला मात्र सलग पाच-सहा महिन्यांचा पहारा हवा असतो, आणि कॅमेऱ्याची बॅटरी जोखायची तर ती याच मापाने जोखली पाहिजे.

बॅटरीची परीक्षा आमच्या घरांना नवी नाही. विजेरीला 'बॅटरी' म्हणणारी पिढी अद्याप हयात आहे, आणि त्या पिढीने केलेली परीक्षा माझ्या डोळ्यांसमोर आहे: प्रकाश पिवळा पडू लागला की आतले सेल काढून ते पत्र्यावर उन्हात मांडावयाचे, सायंकाळी पुन्हा घालावयाचे, आणि आणखी एखादी रात्र निघते का ते पाहावयाचे. ही भाबडी समजूत नव्हती. लक्लांशे या फ्रेंच संशोधकाने १८६६ मध्ये सिद्ध केलेल्या विद्युत्घटापासून पुढे कोरडा सेल घडला. त्याच्या आतील रासायनिक क्रिया मंदावली असता उष्णतेने तिला क्षणिक वेग येतो, आणि विश्रांतीनेही सेल किंचित सावरतो. ऊन हा त्या काळी सेलाचा वैद्य होता.

यानंतर वीज आली, परंतु तिचा भरवसा आला नाही. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासून उभे आहे, त्याच जिल्ह्याने भारनियमनाच्या दीर्घ रात्री काढल्या, आणि २०१५ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले. तारेने जोडलेला कॅमेरा वीज जाताच डोळे मिटतो, आणि अंधाराची फिकीर चोराला नसून घरमालकाला असते. यास्तव बाजारात बिनतारी कॅमेरा येताच त्याची मागणी खेड्यापाड्यांपर्यंत पोचली, यात नवल नाही.

या कॅमेऱ्याचा प्राण असलेली लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या मागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती बिनतारी कॅमेऱ्यांत मात्र आरंभी टाकाऊ सेलच असत. नेटगिअरच्या आर्लो या कॅमेऱ्यात २०१५ मध्ये एकदाच वापरावयाचे चार लिथियम सेल घालावे लागत, आणि पुन्हा भरता येणारी बॅटरी त्याच्या २०१६ च्या पुढील आवृत्तीत आली. त्यानंतर सिमकार्डावर चालणारे व सौर पाटी जोडलेले कॅमेरे आले, आणि त्यांच्या खोक्यांवर महिन्यांचे आकडे उमटू लागले.

हे आकडे खोटे असतात असे मी म्हणणार नाही. परंतु ते परक्या अंगणात मोजलेले असतात, हे निश्चित. असा कॅमेरा बहुतेक वेळ निद्रिस्त असतो. समोरून ऊबदार देह हलला की आतील संवेदक त्याला जागे करतो, तो काही सेकंदांचे चित्रण करून ते पाठवितो आणि पुन्हा झोपी जातो. समजा, बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे, झोपेत दिवसाला २४ आणि प्रत्येक जागरणाला अडीच मिलिअँपिअर-तास खर्च होतात. दिवसाकाठी १० जागरणे झाली तर ही बॅटरी सुमारे १०० दिवस पुरेल. तीच जागरणे ६० झाली तर महिनाही निघणार नाही. बॅटरी तीच, कॅमेरा तोच; भेद केवळ अंगणाचा.

माझ्या गावाकडच्या ओसरीवर मी असा एक कॅमेरा लावला आणि दसऱ्यापासून एका वहीत रोजनामा ठेवू लागलो, तेव्हा या हिशेबाची खातरजमा झाली. पहिल्या खेपेस खोक्यावरील मुदतीची निम्मी मजलही बॅटरीने गाठली नाही. कारणांची शहानिशा केली असता आढळले की शेळ्या, कुत्री, रस्त्याने जाणारी वाहने आणि उन्हाने तापून वाऱ्यावर हलणारी बाभळीची एक फांदी, हे सारे त्या बिचाऱ्या यंत्राला दिवसभर उठवीत होते. फांदी छाटली, कॅमेऱ्याचे तोंड रस्त्यावरून वळविले, आणि तीच बॅटरी दुसऱ्या खेपेस कितीतरी अधिक काळ टिकली. जेथे मोबाइलचे जाळे क्षीण, तेथे चित्र पाठविण्यास अधिक शक्ती खर्ची पडते, हेही त्याच वहीने शिकविले. आणि टक्केवारीच्या आकड्यावर विसंबू नये हेही, कारण लिथियम बॅटरीचा दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो व अखेरीस एकाएकी ढासळतो.

परंतु या वहीतील सर्वांत मोलाची नोंद एप्रिल-मे महिन्यांतील आहे. त्या दिवसांत बॅटरी उतरण्याचा वेग मंदावला, आणि मला प्रथम समाधान वाटले. पुढे दुपारी मी स्वतः कॅमेऱ्यासमोरून चालून पाहिले, तेव्हा अनेकदा तो जागाच झाला नाही. मनुष्यदेहाची ऊब आणि भोवतालची ऊब यांतील फरकावर हा संवेदक चालतो. भिंत आणि जमीन देहाइतकीच तापली की त्याला माणूस दिसेनासा होतो. बॅटरी टिकली होती, कारण पहारा झोपला होता. त्या दिवसापासून केवळ दिवस मोजून केलेल्या परीक्षेला मी परीक्षा मानीत नाही.

जे ऊन एके काळी सेलाला उठवून बसवी, तेच ऊन लिथियम बॅटरीचे आयुष्य कुरतडते. चाळिशीपार गेलेल्या उन्हात पत्र्याखाली पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी वेगाने म्हातारी होते. सुमारे ४५ अंशांच्या वर तिला भरणेही हितावह नसते. आणि सौर पाटीला तर ऊनच हवे! यावर तजवीज सोपी आहे: पाटी उन्हात, कॅमेरा वळचणीच्या सावलीत, आणि दोहोंना जोडणारी लांब तार. वर्षभराने हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण दुसऱ्या हंगामाची बॅटरी पहिल्या हंगामाइतकी दमदार राहत नाही.

या साऱ्या मागोव्यातून माझा निष्कर्ष एवढाच की पहाऱ्याची मुदत कारखान्यात ठरत नाही, ती आपल्या दारात ठरते. विक्रेत्यांनी व उत्पादकांनी खोक्यावर महिने छापताना दिवसाकाठी किती जागरणे, किती तापमान आणि चित्रणाची लांबी किती, हेही छापावे, ही माझी विनंती आहे. ते छापले जाईपर्यंत ही जबाबदारी आपली आहे. घराला कुलूप लावून दूरच्या फडात जाणाऱ्या माझ्या बांधवांनो, कॅमेरा निघण्याच्या आदल्या दिवशी लावू नका. दसऱ्यापूर्वी पुरा एक महिना तो लावा, सौर पाटी काढून ठेवा, बॅटरी पूर्ण भरून तारीख लिहा, रोजची जागरणे मोजा, सकाळी एकदा व भर दुपारी एकदा त्याच्यासमोरून चालून पाहा, आणि हे सारे वहीत मांडा. ती वही गावी मागे राहणाऱ्या आईवडिलांच्या हाती द्या, आणि बॅटरी कोणत्या तारखेला उतरवून भरावयाची हे तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.