आमच्या नातवाचा ऑटिझम आणि फोनवरची ती बाई

मागच्या दारफाळणीच्या सणाआधी ठाण्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, चिकाचा हलवा कोणी कोणी केला ते झालं, आणि मग तिने आवाज बारीक करून विचारलं, "वहिनी, खरं सांगा, त्या पोराला नक्की काय झालंय? इथे लोक काहीबाही बोलतात." आमचा नातू आता अकरा वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत घरच्या माणसालाही आम्ही धड सांगितलं नव्हतं, याची मला लाज वाटली. तिला जे फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडं आज अमेरिकेत, इस्रायलमध्ये आहेत. कोणाला तरी उपयोग होईल.

आमच्या नातवाला ऑटिझम आहे. हा ताप-खोकल्यासारखा रोग नव्हे. औषध घेतलं आणि गेला, असं त्यात नसतं. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. बोलणं उशिरा येतं, कधी येतच नाही. डोळ्याला डोळा देणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं जड जातं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला आवडते, आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श सहन होत नाही. प्रत्येकात हे कमीजास्त असतं. कोणी कॉलेज शिकून नोकरी करतो, कोणाला जन्मभर जेवणखाण, अंघोळीला माणूस लागतं. याचं कारण मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, असं डॉक्टर सांगतात. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. आमचा नातू स्वतःत मग्न वगैरे काही नाही, उलट त्याला जगाचा गोंगाट आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतो. मिक्सर लावला की कानावर हात ठेवून पळतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या वेळी हे कुठे होतं? होतं. माझ्या आईचा एक मावसभाऊ रेवदंड्याला होता. लग्न केलं नाही, कोणाशी बोलत नसे, पण रेवस ते भाऊचा धक्का लाँचच्या सगळ्या वेळा त्याला तोंडपाठ. सगळे त्याला भोळा म्हणत आणि सांभाळून घेत. त्याला काय होतं ते आता कोण सांगणार? पण नातवाला चमचे एका रांगेत लावताना पाहिलं की मला तो मामा आठवतो.

आता माझी चूक सांगते. २०१६ साली मी न्यू जर्सीत मुलाकडे आले तेव्हा नातू दोन वर्षांचा होता. हाक मारली तर बघत नसे. मी आधी म्हटलं, "काही नाही, तुझा नवरापण उशिरा बोलला." पुढे महिने गेले, बोलेना, तेव्हा मी सुनेला एकदा रागात म्हणाले, "पोराला सहा महिन्यांचं असताना पाळणाघरात टाकलंस आणि ऑफिसला गेलीस, त्याचं हे फळ." ती काही बोलली नाही. भांडी विसळत राहिली.

मग तपासणी झाली, ऑटिझम आहे असं लेखी आलं. तपासणीच्या जागी कोणीतरी तिला एक कागद दिला होता, त्यावरून तिने नाव नोंदवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. एका अनोळखी बाईचा. तिचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा, त्यालाही ऑटिझम. ती डॉक्टर नव्हती, समाजसेवेतली पगारी बाईही नव्हती. एका दुकानात हिशेबाचं काम करायची आणि उरलेल्या वेळात अशा नव्या आईबापांना फोन करायची, फुकट. सून तास-दीड तास बोलत होती. मी शेजारच्या खोलीत. सून रडली ती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

नंतर मी विचारलं, काय म्हणाली? सून म्हणाली, "तिने पहिल्यांदा विचारलं, तुझ्या मुलाला काय आवडतं? इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. सगळे काय येत नाही तेच विचारतात."

मी एकतीस वर्षं मुंबईला टेलिफोन खात्यात काढली. फोनवर माणसं काय काय बोलतात ते मला माहीत आहे. पण हा प्रकार नवा होता, म्हणून मी चौकशी करत गेले, मुलाकडून पुस्तकं मागवून वाचली.

ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. १९७१ साली नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा गावी फ्रॅन पोर्टर नावाच्या एका आईने आणि शर्ली डीन या समाजसेविकेने 'पायलट पेरेंट्स' हा उपक्रम सुरू केला. कल्पना साधी. ज्या घरात असं मूल वाढलंय, त्या घरच्या आईबापांना थोडं शिक्षण द्यायचं आणि नव्याने कळलेल्या घराशी त्यांची जोडी लावायची. पुढे हेच 'पेरेंट टू पेरेंट' नावाने बहुतेक राज्यांत पसरलं. जोडी लावताना मुलाची अडचण, वय, भाषा शक्य तितकी जुळवतात. जोडी ठरली की चोवीस तासांत फोन जावा, असा प्रघात आहे. आमच्याकडे तसाच आला.

या स्वयंसेवकांना काय करू नये तेही शिकवतात, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. औषध सांगायचं नाही. 'तू असं कर' म्हणायचं नाही. 'देव पोर त्यालाच देतो ज्याला झेपतं' असली वाक्यं नकोत. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. आपल्या समाजात शेवटची गोष्ट सर्वात कठीण, हे तुम्हीही कबूल कराल. शबाथच्या तेफिल्यानंतर मशिदीच्या पायरीवर किती बातम्या फुटतात!

पण हे सारं उगवलं कुठून, ते वाचताना मला माझंच वाक्य छापलेलं सापडलं.

ऑटिझम हे नाव देऊन अकरा मुलांचं वर्णन १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. लिओ कॅनर यांनी केलं. कॅनर आपलेच, म्हणजे ज्यू, गॅलिशियात जन्मलेले. नाझींच्या काळात त्यांनी युरोपातल्या पुष्कळ ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत यायला मदत केली. मोठा माणूस. पण त्यांनीच या मुलांच्या आईबापांबद्दल लिहिताना फ्रिजची उपमा वापरली. पुढे शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकात ती विचारसरणी टोकाला नेली. आईला मूल मनातून नको असतं, म्हणून मूल आत मिटून जातं, असं त्यांचं म्हणणं. हा गृहस्थ स्वतः दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून वाचलेला ज्यू. त्याने त्या छावणीतले कैदी आणि ही मुलं यांची तुलना केली, म्हणजे आई कोण झाली ते तुम्हीच बघा. वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या बायका डॉक्टरकडे मूल घेऊन जायच्या आणि दोष घेऊन परत यायच्या. मी माझ्या सुनेला पाळणाघरावरून जे बोलले, ते यापेक्षा वेगळं नव्हतं. फक्त मी पुस्तक लिहिलं नाही.

हे खोटं आहे असं ठणकावून सांगितलं ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड, सॅन डिएगोचे, नौदलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ, रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. त्यांचा मार्क १९५६ साली जन्मला आणि त्याला ऑटिझम निघाला. रिमलँडनी जे जे छापलं होतं ते वाचून काढलं, आणि १९६४ साली 'इन्फंटाइल ऑटिझम' हे पुस्तक लिहून दाखवलं की मूळ शरीरात, मेंदूत आहे, आईच्या मायेत नाही. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. पुस्तकाच्या शेवटी मुलाच्या लक्षणांची प्रश्नावली होती. देशभरचे आईबाप ती भरून रिमलँडच्या पत्त्यावर पाठवू लागले. एक माणूस, आणि रोजची टपाल. त्यातून १९६५ साली न्यू जर्सीतल्या टीनेक गावी पालक जमले आणि 'नॅशनल सोसायटी फॉर ऑटिस्टिक चिल्ड्रन' उभी राहिली. हीच आजची ऑटिझम सोसायटी. १९६९ साली त्यांच्या सभेत म्हातारे कॅनर उभे राहिले आणि जमलेल्या आईबापांना त्यांनी जाहीरपणे दोषमुक्त केलं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि सुनेकडे गेले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

(पुढे रिमलँड लसींमुळे ऑटिझम होतो या बाजूला गेले, ते मात्र चुकले. ज्या १९९८ च्या लेखावरून ती भीती पसरली तो 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला. नातवंडांच्या लसी बंद करू नका.)

माझी आवडती बाई मात्र रूथ सलिव्हन. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनची, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात नर्स, पुढे सात मुलांची आई. पाचवा जोसेफ, त्याला ऑटिझम. या सोसायटीची ती निवडून आलेली पहिली अध्यक्ष. १९७० च्या दशकात ती आपल्या घरातूनच देशभरच्या पालकांच्या पत्रांना आणि फोनना उत्तरं देत असे. तेव्हा अशा मुलाला शाळेने 'नको' म्हटलं की संपलं, कायदा नव्हता. सलिव्हन आणि तिच्यासारख्या पालकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले आणि १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९९० साली त्यात ऑटिझमचं नाव वेगळं घातलं गेलं. डस्टिन हॉफमनचा 'रेन मॅन' आपण पाहिला असेल. त्या भूमिकेसाठी हॉफमनने ज्यांचा अभ्यास केला त्यांत जोसेफही होता. रूथबाई २०२१ साली सत्त्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

त्या कायद्याचा उपयोग कसा होतो, हे आम्हाला पुन्हा फोनवरच्या बाईनेच शिकवलं. मूल तीन वर्षांच्या आत असेल तर राज्याकडून तपासणी विनामूल्य होते. पुढच्या उपचारांना काही राज्यांत ऐपतीप्रमाणे वाटा द्यावा लागतो. तिसऱ्या वाढदिवसापासून जबाबदारी सरकारी शाळेची. शाळा, शिक्षक आणि आईबाप बसून दर वर्षी मुलाचा लेखी आराखडा करतात, त्याला आयईपी म्हणतात. त्यात बोलण्याचे तास किती, मदतनीस कोण, सगळं लिहिलेलं. बैठकीला टेबलापलीकडे सहा-सात अधिकारी आणि अलीकडे आपण दोघं, अशी परिस्थिती. पण मुलाला ओळखणारं माणूस बरोबर नेण्याचा हक्क पालकांना आहे. आमच्या पहिल्या बैठकीला ती बाई सुट्टी काढून आली. सगळा वेळ फक्त लिहून घेत होती. शेवटी सुनेला म्हणाली, आज सही करू नकोस, घरी ने, वाच. आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलण्याचा वर्ग लिहिला होता, तो दुसऱ्या बैठकीत तीनदा झाला.

आणखी एक मदत तिने केली, न बोलता. माझ्या मुलाला कोणीतरी शरीरातला धातू काढून टाकणाऱ्या औषधाचं सांगितलं होतं, दहा-बारा हजार डॉलर खर्च. ती 'करू नका' म्हणाली नाही, तिला ते म्हणायचं नसतं. "तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला सांगाल का?" एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं, या उपचारात २००५ साली पेनसिल्व्हेनियात एक पाच वर्षांचा मुलगा दगावला. विषय तिथेच मिटला.

आपल्या ज्यू लोकांतही असं काम आहे. मिशिगनमध्ये १९९४ साली शेमटोव्ह दांपत्याने 'फ्रेंडशिप सर्कल' काढलं. हायस्कूलची मुलंमुली जोडीने अशा मुलाच्या घरी आठवड्याला एकदा खेळायला जातात. आता ते ठिकठिकाणी आहे. इस्रायलमध्ये पालकांनीच १९७४ साली 'अलुत' ही संस्था काढली. भारतात दिल्लीची 'अॅक्शन फॉर ऑटिझम' १९९१ पासून, मुंबईची 'उम्मीद' २००१ पासून, आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, हे नणंदेला मुद्दाम सांगितलं. आजाराची साथ आलीय असंही समजू नका. अमेरिकेत २०२५ साली सरकारने आठ वर्षांच्या ३१ मुलांत एक असा आकडा दिला. २००० साली १५० त एक होता. यातली पुष्कळशी वाढ ओळखण्याची पद्धत सुधारल्याने आहे.

ज्यांना स्वतः ऑटिझम आहे अशी मोठी माणसंही आता मदतीला असतात. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना सुनावलं होतं की तुमचं रडणं तुम्ही मनात धरलेल्या मुलासाठी आहे, आणि जे समोर उभं आहे ते जिवंत आहे, त्याच्याकडे बघा. सुनेला हे कडू लागलं. मला पटलं. म्हातारपणी माणूस असं ऐकून घेतो.

आमचा नातू आता छोटी छोटी वाक्यं बोलतो. किद्दुशचं काळ्या मनुकांचं शरबत त्याला हवं असतं, पण पेला निळाच लागतो. शोफार वाजला की कानावर मोठे हेडफोन चढवतो आणि उभा राहतो. बार मित्स्वाचं काय, ते दोन वर्षांनी बघू.

गेल्या वर्षीपासून मीही थोडं करते. सुनेच्या ओळखीतून मराठी आज्यांचे फोन माझ्याकडे येतात, कारण आयांशी बोलायला माणसं आहेत, आज्यांशी कोण बोलणार? परवा इलिनॉयहून एकींचा आला. नातू अडीच वर्षांचा, कालच कळलेलं. त्या आधी पंधरा मिनिटं सुनेच्या नोकरीबद्दल बोलल्या. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, त्याला काय आवडतं?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. फोन कटला की काय असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "पाणी. नळाखाली हात धरून उभा राहतो. मी ओरडते त्याला, भिजतोस म्हणून."

"उद्या जरा उभं राहू द्या," मी म्हटलं, "आणि तुम्हीपण हात धरून बघा." लगेच जीभ चावली. 'तू असं कर' म्हणायचं नसतं ना.