प्रल्हाद शिंदे : एक गळा, दोन कप्पे

१४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या गेटकडे निघालं, की नामविस्तार दिनाच्या गर्दीच्या आधी भीमगीतं कानावर येतात. त्यात प्रल्हाद शिंद्यांचा आवाज चटकन ओळखू येतो. आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात प्रसादाच्या दुकानांवर पुन्हा तोच आवाज, आणि गणपतीत तर गल्लोगल्ली. बाजारात मात्र त्यांच्या निवडक गाण्यांचे संग्रह बहुधा दोन कप्प्यांत मिळतात : भक्तिगीतं एकीकडे, भीमगीतं दुसरीकडे. ही विभागणी मला खटकते.

शिंदे (१९३३–२००४) मूळचे मंगळवेढ्याकडचे. घरात भजन-कीर्तन होतं, पुढे कव्वालीचे सामने गाजवले. माइकवर फार विसंबून न राहता मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, ही त्या फडाची शिकवण. ती त्यांच्या प्रत्येक गाण्यात ऐकू येते. सूर वरच्या पट्टीत, उच्चार ठसठशीत, आणि ओळ कोरसच्या हाती सोपवताना किंचित घाई, जणू समोरच्यानं आता उचललंच पाहिजे.

‘पाऊले चालती’ नीट ऐका. शब्द दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची. ठेका चालणाऱ्याचा, न धावणारा, न रेंगाळणारा. ध्रुवपद सगळ्यांना पाठ असतं. खरं गाणं अंतऱ्यात आहे. तिथं भूक आहे, अडचणीत तोंड फिरवणारे नातलग आहेत. दुसऱ्या एखाद्या गायकानं इथं गळा दाटून आणला असता. शिंदे हुंदका देत नाहीत. घरातली गोष्ट सांगावी तसं सरळ सांगतात आणि समेवर येऊन पुन्हा चालायला लागतात. कष्टकऱ्यांना हे गाणं आपलं का वाटलं, याचं उत्तर मला त्या न दिलेल्या हुंदक्यात दिसतं. २००४ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा दिंड्या पंढरीच्या वाटेवर होत्या.

आता हरेंद्र जाधव घ्या. शिंद्यांनी गायलेलं ‘तूच सुखकर्ता’ हे गणेशगीत त्यांनी लिहिलं; बाबासाहेबांवरची अत्यंत लोकप्रिय गाणीही त्यांचीच. लिहिणाऱ्याची लेखणी एक, गाणाऱ्याचा गळा एक, ऐकणारी माणसंही पुष्कळदा तीच. मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवनामुळे आंबेडकरी चळवळीचं घर झालेल्या आणि नाथांच्या पैठणपासून फार दूर नसलेल्या या शहराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाण्यांचा प्रसार कॅसेटनं केला. टपरीवर, ट्रकमध्ये, एसटी स्टँडवर वाजून वाजून फीत ओढली जायची, तरी शब्द कळायचे.

वारसा मुलांनी, आनंद आणि मिलिंद शिंद्यांनी पुढे नेला. नातू आदर्श ‘दुनियादारी’तल्या (२०१३) ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’मधून नव्या पिढीपर्यंत पोचला. आवाजातली धार घराण्याची आहे, पण आजोबांचं कव्वालीचं अंग या पिढीत कमी ऐकू येतं, असं माझं मत आहे.

म्हणून एखाद्या कंपनीनं आता एकच संग्रह काढावा : विठ्ठल, गणपती, भीमगीतं आणि कव्वाली, ध्वनिमुद्रणाच्या क्रमानं लावलेली. प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार, साल, आणि ढोलकी-हार्मोनियमवर कोण होतं तेही छापावं. शिंद्यांचं नाव घराघरांत आहे. दत्ता पाटील, हरेंद्र जाधव, मधुकर पाठक ही नावं गाणी पाठ असलेल्यांनाही सांगता येत नाहीत.