शेळी उलटली? आधी बोकडाकडे बघा

मैत्रिणींनो, पाऊस पडून हिरवा चारा आला की आपण माजावर आलेल्या शेळ्या बोकडाकडे नेतो. 21 दिवसांनी एखादी शेळी पुन्हा माजावर येते. दोन-तीनदा असं झालं की "ही भाकडच" म्हणून आपण तिला बाजार दाखवतो. गटाचं कर्ज काढून घेतलेली शेळी अशी कमी भावात जाते. पण दोष तिचाच असेल असं नाही. उन्हाळ्यात तापलेला बोकडही त्याला कारण असू शकतो.

बोकडाच्या अंगात साधारण 39 अंश उष्णता असते. बीज तयार व्हायला मात्र त्याहून थोडा थंडावा लागतो. म्हणूनच वृषण अंगाबाहेर लोंबते असतात. एप्रिल-मेमध्ये मराठवाडा-विदर्भात पारा 40 च्या वर जातो. बोकड दिवसभर उन्हात राहिला तर बीज कमी आणि कमजोर होतं. नवीन बीज तयार होऊन बाहेर यायला जवळपास दोन महिने लागतात. त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हाची झळ जून-जुलैपर्यंत राहते. बोकड धडधाकट दिसतो, उडीही मारतो, तरी शेळी गाभण राहत नाही. जास्त ताप येऊन गेलेल्या बोकडाचंही असंच होतं.

मग काय करायचं?

• उन्हाळ्यात बोकड सकाळी लवकर आणि संध्याकाळी चारायला सोडा. दुपारी झाडाखाली बांधा.
• गोठ्यावर पत्रा असेल तर त्यावर पाचट किंवा कडब्याचा थर टाका. वारा खेळता ठेवा.
• पिण्याचं पाणी सावलीत ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा बदला.
• हिरवा पाला, थोडा खुराक आणि क्षार मिश्रण द्या. शेळ्या लावायच्या दोन महिने आधीपासून ही काळजी घ्या.
• शेळी सकाळी किंवा संध्याकाळी थंड वेळेला लावा. एका बोकडावर 25-30 पेक्षा जास्त शेळ्यांचा भार टाकू नका.

शेळी कधी लावली, कोणत्या बोकडाला लावली, हे वहीत लिहून ठेवा. एकच शेळी उलटली तर तिची तपासणी करा. एकाच बोकडाच्या बऱ्याच शेळ्या उलटल्या तर आधी बोकड बदला आणि पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

शेळी पाच महिन्यांत विते. दोनदा उलटली की दीड महिना वाया जातो आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत गावातला बोकड उन्हाळ्यात कुठे बांधतात, हेही विचारा.