गाडी गेटच्या बाहेरच लावा!

प्लेसमेंटचा निकाल लागला की आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दोनच विषय चालतात. पहिला, जॉइनिंग कधी? याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. दुसरा, गाडी कोणती घ्यायची? याचं उत्तर मात्र प्रत्येकाला माहीत असतं, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

गेल्या महिन्यात असाच वाद रंगला होता. सहा लाखांचं पॅकेज मिळालेला आमचा एक मित्र चौदा लाखांच्या एसयूव्हीचं गणित मांडत होता. मी सहज म्हणालो, "अल्टो घे ना." सगळी मेस माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी पनीरच्या दिवशी दुधीची भाजी मागितली! "अल्टो? अरे, इंजिनिअर होऊन अल्टो? लोक काय म्हणतील?"

मित्रांनो, या 'लोक काय म्हणतील'वर मला हसायचा हक्क नाही. २०२२ साली मी पहिल्यांदा या हॉस्टेलला आलो तेव्हा बाबा मला नॅनोतून सोडायला आले होते. कॉलेजच्या कमानीपाशी आल्यावर मी त्यांना म्हणालो, "बाबा, गाडी गेटच्या बाहेरच लावा, आत पार्किंग नसेल." आत पार्किंग भरपूर होतं. बाबांना ते दिसतही होतं. काही न बोलता त्यांनी गाडी बाहेर लावली. आम्ही दोघांनी गादी, पेटी आणि बादली हॉस्टेलपर्यंत उचलून आणली. आणि जुन्या नॅनोला मागचं दार उघडत नाही हो! पाठीमागची सीट पाडायची, मग बाजूच्या दारातून सामान ओढून काढायचं. वॉचमनकाका सगळं बघत होते. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

आता नॅनोचीच गोष्ट घ्या. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा जगभरातले पत्रकार तिथे होते. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, वायपर एक, चाकाला नट तीन. प्रत्येक ठिकाणी पैसा वाचवण्यासाठी डोकं लावलेलं होतं. मेकॅनिकलवाल्यांनी खरं तर ती गाडी खोलून अभ्यासायला हवी. २००९ साली बुकिंग सुरू झालं तेव्हा दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी चक्क सोडत काढावी लागली. पण पुढे काय झालं? जून २०१८ मध्ये कारखान्यातून अख्ख्या महिन्यात एकच नॅनो बाहेर पडली! सिंगूरचा वाद, साणंदला हलवण्यात गेलेला वेळ, सुरुवातीला पेटलेल्या काही गाड्या, ही कारणं होतीच. पण 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का सगळ्यांत महाग पडला. गाडी घ्यायची ती चार लोकांत मान वर व्हावी म्हणून, आणि हिने तर कपाळावरच किंमत लिहिलेली. त्या शिक्क्याने नुकसान झालं हे पुढे स्वतः रतन टाटांनीही मान्य केलं.

आमच्या घरी मात्र हिशोब वेगळा होता. आमच्याकडे आधी स्कूटर होती. बाबांच्या पुढे मी उभा, मागे आई, तिच्या मांडीवर ताई. पावसात मामाच्या गावाला जायचं म्हणजे चौघांवर मिळून एक प्लास्टिकचा कागद. २०११ मध्ये नॅनो आली आणि तो कागद माळ्यावर गेला. तिची तुलना बाबांनी कधी होंडा सिटीशी केलीच नाही, स्कूटरशी केली.

बरं, लोगोची ही जी भक्ती आहे, ती निदान खऱ्या देवाची आहे का? तेही नाही! बॉनेट उघडून बघा म्हणजे कळेल. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. आपल्या पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं, आणि मारुतीही परवाना घेऊन मानेसरला बनवायची. स्विफ्टमध्ये त्याचं नाव डीडीआयएस, टाटाच्या व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट आणि फियाटच्या पुंटोमध्ये मल्टिजेट. स्विफ्टवाला इंडिकावाल्याला हसायचा आणि दोघांच्या पुढ्यात मूळ इटलीचं एकच यंत्र धडधडत असायचं. वाहन-मासिकवाल्यांनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' असं नावच ठेवलं होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा मारुतीने डिझेल सोडलं आणि ते पर्व संपलं. आजही तीच कथा. चाकणच्या एकाच कारखान्यातून स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस बाहेर पडतात. प्लॅटफॉर्म एक, इंजिनं तीच, कपडे वेगळे. मारुतीची बलेनो २०१९ मध्ये टोयोटाचा बिल्ला लावून ग्लान्झा झाली. (तिथे निदान एक खरा फरक होता. त्या वेळी टोयोटाची वॉरंटी तीन वर्षांची होती, मारुतीची दोन. असा फरक बघावा, लोगो नव्हे.)

याहून गंमत म्हणजे आपली इंडिका विलायतेला गेली होती! २००३ साली पुण्यात बनलेली इंडिका 'सिटीरोव्हर' या नावाने ब्रिटनमध्ये विकायला ठेवली होती. रोव्हर म्हणजे तिथलं जुनं, खानदानी नाव. त्या नावापोटी किंमतही चढी ठेवली. तिथल्या लोकांना ते पटलं नाही आणि २००५ मध्ये कंपनीच बुडाली. आणि स्कोडा? ब्रिटनमध्ये एके काळी स्कोडावर विनोद चालायचे, आपल्याकडे सरदारजींचे चालतात तसे. तीच स्कोडा २००१ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑक्टाव्हिया बनवायला लागली आणि आपल्याकडे लग्नपत्रिकेपेक्षा तिची चर्चा जास्त! म्हणजे गाडीची इज्जत रेखांशावर अवलंबून असते म्हणायचं.

"पण जर्मन गाडीचा पत्रा जाड असतो, सेफ्टी असते," हा मेसमधला पुढचा मुद्दा. सेफ्टीचा मुद्दा शंभर टक्के खरा, पण ती लोगोला चिकटून येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच गाड्या आपटून बघितल्या : अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार मिळाले. पाचही! त्याच पोलोला दोन एअरबॅग लावल्यावर चार स्टार मिळाले. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती टाटाची नेक्सॉन. ज्या मारुतीला 'पत्र्याचा डबा' म्हणतात तिच्या डिझायरनेही २०२४ मध्ये पाच स्टार घेतले. म्हणून स्टार बघायचे ते मॉडेलचे, आणि त्यातही कोणत्या सालच्या मॉडेलचे ते. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅपही सुरू झालं आहे. आमच्या नॅनोला ना एअरबॅग ना एबीएस, आणि म्हणून आज कुणी जुनी नॅनो घेतो म्हणाला तर मी नको म्हणेन. बाबांनाही मी आता हायवेला नेऊ नका असं सांगतो. हे सांगायला मला गेटवरच्या इतकी लाज वाटत नाही.

आता त्या मित्राचं गणित. चौदा लाख ही एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स. त्यात इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन आणि शोरूमवाल्याचं मॅट-कव्हर-परफ्यूम धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वासोळा लाख. बारा लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढलं तर हप्ता १९,३०० रुपये. महिन्याला ८०० किलोमीटर, लिटरला पंधरा, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे साडेपाच हजार. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग आणि टायरसाठी बाजूला टाकायचे तीन हजार. हातात येणार बेचाळीस हजार. उरले चौदा! त्यात पुण्यात खोलीभाडं, डबा आणि घरी पाठवायचे पैसे. आणि सुरुवातीचे सव्वाचार लाख? "ते बाबा देतात म्हणालेत, एफडी मोडून." एफडी कशासाठी ठेवली होती विचारलं तर म्हणाला, बहिणीच्या नर्सिंगसाठी. त्यानंतर टेबलावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. आमटीसुद्धा कुणी मागितली नाही.

हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत वाढवायची, ही एक फसवी युक्ती आहे. पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १०,३८० आणि व्याज सव्वा लाखाच्या आत. तेच सात वर्षं केलं तर हप्ता ८,०४५ वर येतो, पण व्याज पावणेदोन लाखांच्या वर जातं. एक्सेलमध्ये पीएमटी फंक्शन आहे, जरा स्वतःच टाकून बघा. सेमिस्टरला शिकलेलं काही तरी उपयोगी पडू द्या!

माझं मत विचाराल तर पहिली गाडी जुनी घ्यावी. कारण सोपं आहे : ती आपण घासणार आहोत. क्लचची सवय होईपर्यंत कुठल्या तरी खांबाला आपला बंपर लागणारच, तो आधीच ओरखडे असलेला बरा. शिवाय नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांतच सर्वांत जास्त उतरते. इन्शुरन्सवाल्यांचंच कोष्टक बघा : गाडी दोन वर्षांपेक्षा जुनी झाली की किमतीतून ३० टक्के कापतात, चार वर्षांपेक्षा जुनी झाली की ५० टक्के. तो तोटा पहिल्या मालकाला सोसू द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नावावर करताना वन-टाइम टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही, हा वेगळा फायदा. फक्त एक रेघ मारून ठेवा. जुलै २०१९ नंतर बनलेलीच गाडी बघा. कारण तोपर्यंत एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली होती. शेजारच्या सीटला एअरबॅग आहे का ते मात्र वेगळं तपासायचं.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या टोपीखाली लस्सीसारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शंका, सरळ नमस्कार करून निघायचं. दाराचं रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघा. ते कारखान्यातले असतील तर सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधले असतील तर हात फिरवला तरी कळतं. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०२१ ची आणि काचेवरचं साल वेगळं, तर विचारा का. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला विसरू नका. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पूर असो, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा की २०२१ चा चिपळूणचा, पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून चकाचक करता येतात. पण पट्ट्याच्या गुंडाळीत आत बसलेला गाळ कुणी धूत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात : फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं फॉर्म ३५. नाव बदलल्याशिवाय पूर्ण पैसे हातात ठेवू नका. 'माणूस ओळखीचा आहे' हे कारण चालत नाही.

नवीच घ्यायची असेल तरी वेळ बरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि त्या वेळी एस-प्रेसोची सुरुवातीची किंमत साडेतीन लाखांपर्यंत उतरली. शोरूममधूनच इन्शुरन्स घेतला पाहिजे अशी सक्ती नसते, बाहेरून दर काढून दाखवा, लगेच खाली येतात.

ब्रँडला काहीच अर्थ नाही असंही मी म्हणणार नाही. एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या गावापासून तिचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? शेवरोलेने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. गाड्या उत्तम होत्या, पण मालक पार्ट्ससाठी वणवण करत बसले. तालुक्याच्या गॅरेजवाल्याला जी गाडी डोळे मिटून खोलता येते, ती पहिल्या नोकरीतल्या माणसाची गाडी. आमच्या वर्कशॉपचे सर सतरा वर्षांपूर्वीची अल्टो चालवतात. त्यांना यावर बोलतं केलं तर दुसरा लेख होईल.

मित्राचं म्हणाल तर तो आता २०२० ची एक सिलेरिओ बघून आलाय. ऑइलची टोपी मी उघडून बघावी अशी त्याची इच्छा आहे, रविवारी जाणार आहोत. एफडीबद्दल त्याने पुन्हा काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परीक्षा संपली की बाबा सामान न्यायला येतील. गाडी हॉस्टेलच्या दारापर्यंत आणायची परवानगी मी रेक्टर सरांकडून आत्ताच घेऊन ठेवली आहे. गादी चार वर्षांत बरीच चपटी झाली आहे, त्यामुळे बाजूच्या दारातून जाईल असं वाटतं. फक्त सीट आधी पाडायची.